रेल्वे फाटक बिघडलं की लोकल का रखडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाटकात बिघाड, लोकल उशिराने. ठाण्याच्या पुढे राहणाऱ्यांना ही घोषणा पाठ झाली आहे. तिच्यामागे रुळांवर आणि रस्त्यावर नेमकं काय घडत असतं, हे मात्र डब्यात उभ्या असलेल्या माणसाला कुणी सांगत नाही. प्रवासी नेहमी जे विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं मुख्यतः मध्य रेल्वेवरच्या दिवा परिसराची आहेत, कारण या दुखण्याची झळ तिथल्या लोकांइतकी फार थोड्यांना बसते.

फाटक रस्त्यासाठी असतं. मग ते बिघडल्यावर गाडी का थांबते?

कारण फाटक आणि सिग्नल एकमेकांशी जखडलेले असतात. रेल्वेच्या भाषेत याला इंटरलॉकिंग म्हणतात. फाटकाचे दांडे पूर्ण खाली यायला हवेत, त्यांचं कुलूप बसायला हवं आणि ते बसल्याची खूण यंत्रणेपर्यंत पोहोचायला हवी. तेव्हाच त्या मार्गाचा सिग्नल देता येतो. यातलं एकही राहिलं, तर सिग्नल लालच राहतो.

उलट बाजूनेही तसंच. एकदा गाडीला सिग्नल दिला की ती फाटक ओलांडून जाईपर्यंत गेटमनला दांडे वर करता येत नाहीत. रस्त्यावर कितीही हॉर्न वाजोत.

म्हणूनच खिडकीतून फाटक बंद दिसतं, रस्त्यावरची वाहनंही थांबलेली दिसतात, तरी लोकल हलत नाही. दांडे खाली आलेले असतात, पण कुलूप बसल्याची खात्री यंत्रणेला मिळालेली नसते. दिसायला सगळं ठीक असलं तरी रेल्वेच्या हिशेबी ते फाटक उघडंच असतं. अशा वेळी सिग्नल लाल राहणं हेच यंत्रणेचं काम आहे आणि त्याबद्दल तिला दोष देता येणार नाही.

"बिघाड" म्हणजे नक्की काय बिघडतं?

बऱ्याच गोष्टी. दांडा वरखाली करणाऱ्या विंचची तार तुटते किंवा मोटर बंद पडते. दांड्याच्या टोकाचं कुलूप खाचेत नीट बसत नाही. पावसाळ्यात जोडणीच्या पेटीत पाणी शिरतं. केबल कापली जाते, कधी चोरीला जाते. वीज जाते. फाटक आणि स्टेशन यांच्यातला फोन मुका होतो, आणि फोन बंद म्हणजे गेटमनचे कानच गेले.

सगळ्यात चीड आणणारं कारण मात्र यंत्राचं नसतं. दांडे खाली येत असतात, घंटा वाजत असते आणि एक रिक्षा किंवा टेम्पो "निघतो एवढ्यात" म्हणून आत घुसतो. पुढे कोंडी असते, त्यामुळे तो रुळांवरच अडकतो, नाहीतर दांड्याला धडकून तो वाकवतो. वाकलेला दांडा खाचेत बसत नाही, कुलूप लागत नाही, सिग्नल मिळत नाही. त्या एका वाहनाच्या घाईची किंमत मागच्या लोकलमध्ये कोंबून उभे असलेले हजारो लोक मोजतात. बातमीत याचीही नोंद "फाटकातील तांत्रिक बिघाड" अशीच होते.

पण कधी फाटक बिघडलेलं नसतानाही फाटकामुळेच उशीर झाल्याचं सांगतात. ते कसं?

फाटक ठणठणीत असतं, पण बंद होत नाही. दांडा खाली करायला त्याच्याखाली जागा लागते. दोन्ही बाजूंना रिक्षा, दुचाकी, टेम्पो, पाण्याचा टँकर असे नाकाला नाक लावून उभे असतील, तर गेटमनने दांडा कुणाच्या डोक्यावर सोडायचा? तो शिट्टी वाजवतो, ओरडतो, हातातला झेंडा हलवतो. त्यात जाणारी दोनचार मिनिटं बिघाडाइतकीच महाग पडतात. प्रवाशाच्या घड्याळाला दोन्हींत फरक कळत नाही.

दांडा तुटला तर पर्यायी सोय नसते का?

असते. अनेक फाटकांवर बाजूला सरकते दांडे ठेवलेले असतात, रेल्वेवाले त्यांना स्लायडिंग बूम म्हणतात. मुख्य दांडा निकामी झाला की ते आडवे सरकवून कुलूपबंद करायचे. हे दांडेही इंटरलॉक केलेले असतील तर त्यांच्यावर सिग्नल मिळतो आणि वाहतूक बरीचशी सुरळीत राहते. तेही नसेल तर साखळ्या लावून रस्ता अडवतात. साखळीवर मात्र सिग्नल देता येत नाही, गाड्या हाती झेंडा दाखवून एकेक करून सोडाव्या लागतात. सरकते दांडे वाहनांच्या गर्दीतून पुढे ओढायचे असतात हेही लक्षात घ्या. कागदावर मिनिटाचं असलेलं हे काम भर सकाळी त्याहून बराच वेळ खातं.

बिघाड दुरुस्त होईपर्यंत गाड्या अडकूनच राहतात का?

नाही, त्या सोडतात, पण जपून. गेटमन स्टेशन मास्तरला कळवतो, स्टेशन मास्तर कंट्रोल रूमला आणि सिग्नल व दूरसंचार विभागाच्या माणसांना. ती माणसं येऊन दोष शोधत असताना गाड्या नियमाप्रमाणे पुढे काढल्या जातात.

फाटकाच्या अलीकडे जो सिग्नल असतो त्याच्या खांबावर पिवळ्या गोल पाटीवर काळं 'जी' अक्षर असतं. हा फाटकाचा सिग्नल. तो लाल असेल तर चालकाने शिट्टी द्यायची, दिवसा १ मिनिट आणि रात्री २ मिनिटं थांबायचं आणि मग सावकाश फाटकापर्यंत जायचं. गेटमन हातसिग्नल दाखवत असेल तर जपून ओलांडायचं. तो दिसत नसेल तर फाटकाच्या अलीकडे थांबायचं. मग फाटक रस्त्यासाठी बंद आहे याची खात्री झाल्यावर गेटमन, आणि तो नसेल तर गाडीवरचाच कर्मचारी, झेंडा किंवा दिवा दाखवून गाडी पार करतो.

उपनगरी मार्गावर सिग्नल स्वयंचलित असतात. तिथे फाटकाच्या सिग्नलवर 'ए' अक्षराचा एक दिवाही असतो. फाटक बंद आणि कुलूपबंद असेल तेव्हाच तो पेटतो. तो विझलेला दिसला की मोटरमनला कळतं, पुढचं फाटक उघडं असू शकतं. फाटक स्टेशनच्या हद्दीत येत असेल तर नियम आणखी कडक आहेत, लाल सिग्नल ओलांडायला त्याला स्टेशन मास्तरचा लेखी परवाना लागू शकतो.

हे सगळं प्रत्येक गाडीला करावं लागतं. लोकल रांगेत का उभ्या राहतात, ते यावरून कळेल.

फाटक सहा मिनिटांत दुरुस्त झालं म्हणतात, मग तासभर गाड्या उशिरा का?

एक साधा हिशेब मांडू. समजा एका मार्गावर दर ४ मिनिटांनी लोकल आहे आणि दोन लोकलमध्ये कमीत कमी ३ मिनिटांचं अंतर ठेवावंच लागतं. फाटकाने पहिली लोकल ६ मिनिटं अडवली. तिच्यामागची लोकल तिच्यानंतर ३ मिनिटांनीच सुटू शकते, म्हणजे ती ५ मिनिटं उशिरा. तिसरी ४, चौथी ३, पाचवी २, सहावी १ मिनिट उशिरा. सातवी वेळेवर. एका फाटकाच्या ६ मिनिटांनी सहा गाड्यांची मिळून २१ मिनिटं खाल्ली.

हेही आदर्श परिस्थितीतलं. ऐन गर्दीत लोकल ३ मिनिटांच्याच अंतराने असतील तर भरून काढायला फटच उरत नाही. सहा मिनिटांचा उशीर मागच्या प्रत्येक लोकलच्या गळ्यात पडतो आणि गर्दीची वेळ ओसरेपर्यंत सुटत नाही, नाहीतर एखादी फेरी रद्द करावी लागते. त्यात उशिरा आलेल्या लोकलसाठी फलाटावर दुप्पट माणसं जमलेली असतात. चढायला उतरायला जास्त वेळ, म्हणजे आणखी उशीर. आणि हीच लोकल मुंबईला पोहोचून लगेच परतीच्या फेरीला निघायची असते. सकाळी दिव्यात अडलेली गाडी अकरा वाजता सीएसएमटीहून कल्याणला जाणाऱ्या माणसालाही उशीर करते, त्या बिचाऱ्याने दिवा पाहिलेलंही नसतं.

मध्य रेल्वे तिच्या उपनगरी मार्गांवर रोज सुमारे १,८०० फेऱ्या चालवते. इतक्या दाट वेळापत्रकात "फक्त सहा मिनिटं" असं काही नसतं.

दिवा फाटकाचंच नाव सारखं का ऐकू येतं?

मुंब्रा आणि कोपरच्या मधलं दिवा हे जंक्शन आहे. वसई आणि पनवेलकडचे मार्ग इथे मिळतात. ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. धीम्या, जलद आणि या नव्या मार्गिका सगळ्यांना एकाच वेळी लाल दाखवल्याशिवाय इथला रस्ता उघडता येत नाही. मार्गिका जितक्या वाढतात तितकी सगळीकडे एकाच वेळी मोकळीक मिळणं अवघड होत जातं. मग एकतर रस्ता ताटकळतो नाहीतर गाड्या.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दिवा रुळांनी पूर्व आणि पश्चिम असं कापलेलं गाव आहे आणि लोकसंख्या भराभर वाढत गेली. शाळेची गाडी, रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर, सगळ्यांची भिस्त त्या एका वाटेवर. डोंबिवलीच्या किंवा बदलापूरच्या प्रवाशाने दिवेकरांवर चिडून उपयोग नाही. सकाळी फाटकावर रिक्षात अडकलेला माणूस थोड्या वेळाने त्याच फाटकामुळे रखडलेल्या लोकलची वाट बघत फलाटावर उभा असतो. २ जानेवारी २०१५ ला दिव्यात प्रवाशांचा उद्रेक झाला. त्या दिवशीचं कारण फाटक नव्हतं, पेंटोग्राफचा, म्हणजे लोकलच्या टपावरून वरच्या तारेतली वीज घेणाऱ्या सांगाड्याचा, बिघाड होता. पण रोजच्या उशिराने माणसं आधीच कावलेली होती, हे विसरून चालणार नाही.

मग गर्दीच्या वेळेत फाटक उघडूच नये, असं का करत नाहीत?

ही मागणी अधूनमधून होते. लोकलमधून बघितलं तर रास्त वाटते. पण पर्यायी पूल नसताना फाटक बंद ठेवणं म्हणजे एका गावाला तीन तास कोंडणं. प्रसूतीच्या कळा सकाळी आठलाही येतात. आधी पूल द्या, मग फाटक कायमचं बंद करा. क्रम हाच हवा.

उशिराला गेटमन जबाबदार असतो का?

क्वचित. इंटरलॉक केलेल्या फाटकावर त्याने चूक केली तरी यंत्रणा सिग्नल देत नाही, म्हणून त्याच्या चुकीने उशीर होईल, सहसा अपघात होणार नाही. जिथे इंटरलॉकिंग नाही तिथे मात्र सगळं स्टेशन मास्तर आणि गेटमन यांच्यातल्या फोनवर चालतं. फाटक बंद केल्याचं सांगताना दोघे एकमेकांना ठरावीक आकडा देतात आणि वहीत लिहून ठेवतात. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. ही पद्धत पूर्णपणे माणसाच्या सावधपणावर उभी आहे. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यात सेम्मनकुप्पमच्या फाटकावर शाळेच्या व्हॅनला गाडीने धडक दिली आणि तीन विद्यार्थी गेले. ते फाटक इंटरलॉक केलेलं नव्हतं. त्यानंतर रेल्वेमंत्र्यांनी किती वर्दळ असली की फाटक इंटरलॉक करायचं, ती मर्यादा निम्म्यावर आणण्याचा आणि फाटकांवर सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला.

रस्त्यावर उभं राहून गेटमनला "उघड ना, गाडी कुठे दिसतेय" म्हणून शिव्या देणारे लोक रोज दिसतात. त्याच्यावर दबाव आणणं थांबायला हवं. तो ज्या क्षणी त्या दबावाला बळी पडेल त्या क्षणी कुणाचं तरी मूल रुळांवर असेल.

दांडा उचलून किंवा खालून जाणं गुन्हा आहे का?

रेल्वे कायदा १९८९ चं कलम १६० याबद्दल स्पष्ट आहे. बंद फाटक परस्पर उघडल्यास ३ वर्षांपर्यंत, तोडल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दांड्याखालून वाकून रूळ ओलांडणाऱ्याला कलम १४७ लागू होतं.

लोकल मध्येच थांबली. उतरून चालत गेलं तर?

नको. तुमच्या लोकलला लाल आहे म्हणून शेजारच्या मार्गिकेलाही असेलच असं नाही. बिघाड उरकताच सगळ्यात आधी जलद गाड्या वेगाने निघतात, त्याच वेळी रुळांवर चालणाऱ्यांची रांग असते. खडीवरून उतरताना पडणारे, खांबांना धडकणारे वेगळेच. अर्ध्या तासाच्या लेटमार्कसाठी ही जोखीम घेऊ नका.

फाटकाचा फटका फक्त लोकललाच बसतो का?

लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही बसतो. एकेरी मार्गावर तर जास्तच. कोकण रेल्वे रोहा ते वीर एवढीच दुहेरी आहे, बाकी बहुतेक मार्ग एकेरी. एका फाटकावर एक गाडी अडली की समोरून येणारी गाडी पुढच्या स्टेशनावर क्रॉसिंगसाठी ताटकळते, तिच्यामुळे तिसरी. गणपतीच्या जादा गाड्यांच्या दिवसांत हा उशीर दोन्ही दिशांना पसरतो. पुण्यात घोरपडीच्या फाटकांनी उलट रस्त्यालाच वेठीला धरलं होतं.

उशीर झाला तर पैसे परत मिळतात का?

आरक्षित तिकिटावर मेल किंवा एक्स्प्रेस ३ तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून पूर्ण परतावा मागता येतो. लोकलच्या तिकिटाला किंवा पासाला उशिराची भरपाई नाही.

ब्रिटनमध्ये अनेक कंपन्यांच्या गाड्यांना १५ मिनिटं उशीर झाला तरी भाड्याचा काही भाग परत मागता येतो. जपानमध्ये काही मिनिटांच्या उशिराचंही प्रमाणपत्र मिळतं, ते ऑफिसात दाखवता येतं. मुंबईत भरपाई सध्या दूरची गोष्ट वाटेल, पण उशिराचं प्रमाणपत्र मोबाइलवर देण्यात कसली अडचण आहे? कुठली लोकल किती उशिरा धावतेय हे मध्य रेल्वेच्या 'यात्री' अॅपवर दिसतंच. रोजंदारीवर किंवा तासावर काम करणाऱ्या बाईचा अर्धा दिवस कापला जातो, तिला तो एक कागदही पुष्कळ आहे. प्रवासी संघटनांनी ही मागणी लावून धरावी.

फाटकं काढून पूल का बांधत नाहीत?

बांधतात, पण फार सावकाश. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्येच सांगितलं होतं की देशातली सगळी फाटकं ५ वर्षांत काढून टाका. त्यासाठी अंदाजे ५०,००० कोटी रुपये लागतील असंही म्हटलं होतं. समितीसमोर पुरेशी उदाहरणं होती. फेब्रुवारी २००५ मध्ये नागपूरजवळ कन्हान भागात विनागेटमनच्या फाटकावर लग्नाच्या वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरला गाडीने उडवलं, पन्नासहून अधिक माणसं गेली. ब्रॉडगेजवरची (रुंद रुळांच्या मार्गांवरची) विनागेटमनची सगळी फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपली, ही मोठीच कामगिरी. गेटमन असलेली फाटकं मात्र हजारोंनी उरली.

पूल द्यायचा की नाही हे ठरवताना टीव्हीयू नावाचा आकडा बघतात. दिवसाला जाणाऱ्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. यात रिक्षा अर्धी धरतात. हा गुणाकार १ लाखावर गेला की रेल्वे आणि राज्य मिळून खर्च वाटून पूल बांधायचा. दिवसाला ५०० गाड्या असतील तर २०० वाहनं झाली की लाख भरला. म्हणजे उपनगरी मार्गावरच्या कुठल्याही वर्दळीच्या फाटकाला पुलाचा हक्क कागदावर केव्हाच आहे.

अडतं जमिनीवर. रुळांवरचा भाग रेल्वे बांधते, दोन्ही बाजूंचे पोहोच रस्ते महापालिका किंवा राज्याची यंत्रणा. मधला भाग तयार आणि उतरायला रस्ताच नाही, असं घडतं. दिव्यात पोहोच रस्त्याची जागा आणि तिथल्या रहिवाशांचं पुनर्वसन यात काम वर्षानुवर्षं रखडलं. त्या घरांतल्या माणसांना योग्य घर देणं हा कामाचाच भाग आहे, आणि तो सुरुवातीला करायचा असतो, खांब उभे राहिल्यावर नव्हे. मनावर घेतलं तर काम होतं. कळव्याच्या खारेगाव फाटकावरचा पूल जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाला, विक्रोळीचा जून २०२५ मध्ये. दोन्ही उशिरा, पण झाले.

माझं वाहन रुळांवर बंद पडलं तर काय करायचं?

आधी सगळ्यांना खाली उतरवून रुळांपासून लांब न्या. वाहन ढकलून निघत असेल तरच ढकला. त्याच क्षणी गेटमनला सांगा. तो फोनवरून स्टेशनला कळवतो, लाल झेंडा किंवा दिवा दाखवतो आणि गरज पडल्यास रुळांवर आवाजी फटाके लावतो. ब्रॉडगेजवर एक ६०० मीटरवर आणि तीन १,२०० मीटरवर. ते फुटले की येणारा चालक गाडी थांबवतो. गेटमन दूर असेल तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर फोन करा. उंच माल भरलेल्या ट्रकवाल्यांनी फाटकाआधीची लोखंडी कमान बघावी. तिच्याखालची उंची ४.६७ मीटर असते, तिला माल घासला तर वरच्या २५,००० व्होल्टच्या तारेपासून तुम्ही फार लांब नाही.

आमच्या फाटकावरच्या पुलाचं काय झालं, हे कुठे विचारायचं?

माहितीच्या अधिकारात. अर्जाला १० रुपये शुल्क आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत. दोन वेगळे अर्ज करा, एक रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला आणि एक महापालिकेला, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील. रेल्वेला फाटकाचा क्रमांक देऊन विचारा: शेवटची टीव्हीयू गणना कधी झाली आणि किती आली, गेल्या वर्षात या फाटकामुळे किती लोकल रखडल्या, किती वेळा दांडा वाहनाने तोडला, सरकते दांडे इंटरलॉक केलेले आहेत का. महापालिकेला विचारा: पोहोच रस्त्यासाठी किती घरं हलवायची आहेत, किती हलवली, उरलेल्यांना घर कुठे आणि कोणत्या तारखेला देणार. फाटकाचा क्रमांक गेटमनच्या खोलीवर लिहिलेला असतो.